शेतकरी जोतीराव आणि त्यांचे चरित्रकार

मराठीत चरित्रग्रंथांचे दुर्भिक्ष आहे, अशी तक्रार आता कोणास करता येणार नाही. राजे, सेनापती, संत, पंडित, देशभक्त, नट आणि गवई अशा सर्वांची लहानमोठी चरित्रे आमच्या कपाटांत दाटीने उभी आहेत. ज्याच्या श्रमावर यांपैकी बहुतेकांचे राज्य, पांडित्य किंवा गाणे पोसले गेले, त्या शेतकऱ्याचे चरित्र मात्र त्या दाटीत शोधू गेल्यास सहसा हाती लागत नाही. शेतकरी आमच्या वाङ्मयात नाही असे नव्हे. दुष्काळाच्या अहवालात तो आकडा होऊन येतो, कादंबरीत भोळा म्हातारा होऊन येतो आणि सभेच्या व्यासपीठावर बळीराजा होऊन येतो. नाव, गाव, जमीन, देणेघेणे आणि मते असलेला एक स्वतंत्र मनुष्य म्हणून तो क्वचितच आमच्यासमोर उभा राहतो.

अन्य देशांत असे सर्वत्र झाले नाही. १८७० नंतरच्या दोनतीन दशकांत अमेरिकेतील जिल्ह्याजिल्ह्याचे जाडजूड इतिहास छापले गेले. त्यांत स्थानिक गृहस्थांची संक्षिप्त चरित्रे असत, आणि त्यांतील पुष्कळसे गृहस्थ शेतकरीच असत. अमुक मनुष्य अमुक साली पूर्वेकडून आला, इतके एकर रान तोडून त्याने शेत केले, गावच्या शाळेच्या मंडळावर बसला, पुढे राज्याच्या कायदेमंडळात निवडून गेला, त्यास इतकी मुले झाली, अशा थाटाची ती चरित्रे होत. ज्यांनी पुस्तकाची वर्गणी भरली त्यांचीच चरित्रे बहुधा छापली जात, त्यामुळे त्यांत स्तुती फार आणि दोषदर्शन शून्य. वाङ्मय या नात्याने त्यांची किंमत फारशी नाही. तथापि नांगर धरणारा हात कायद्याच्या मसुद्यावरही पडू शकतो, आणि हे दोन्ही एकाच आयुष्यात घडणे ही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे, एवढी समज तरी त्यांच्या मुळाशी होती.

आमच्याकडे त्याच काळात असे आयुष्य जगलेला एक पुरुष होऊन गेला. १८७३ साली त्याने आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील सज्जनांस, त्यांनी निग्रोंना दास्यातून मुक्त केल्याबद्दल, अर्पण केला. जोतीराव गोविंदराव फुले यांच्याविषयी लिहिण्यात नवीन ते काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्यांचे नाव शाळांस आहे, रस्त्यांस आहे, राहुरीच्या कृषी विद्यापीठासही आहे. परंतु नाव सर्वतोमुखी झाले म्हणजे माणूस ओळखीचा झाला, असे नाही.

१८८२ साली हंटरसाहेबांचे शिक्षण कमिशन हिंदुस्थानात चौकशी करीत होते. त्या वर्षी १९ ऑक्टोबर रोजी जोतीरावांनी त्यास इंग्रजीत एक निवेदन सादर केले. सरकारचा महसूल बहुतांशी रयतेच्या घामातून येतो आणि त्यातून शिक्षण मात्र वरच्या वर्गांस मिळते, यास्तव प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे, हा त्याचा मथितार्थ सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या शेवटी केलेल्या सहीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. सहीखाली जोतीरावांनी आपली ओळख तीन शब्दांत दिली आहे : व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर. १८४८ साली मुलींची शाळा काढणारा, १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला करणारा, १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापणारा हा पुरुष कमिशनपुढे जाताना सुधारक किंवा ग्रंथकार ही बिरुदे लावीत नाही. आपल्या म्हणण्यास वजन यावे म्हणून तो आपले धंदे आणि आपला अधिकार सांगतो. जोतीरावांच्या चरित्राचा कणा या सहीत आहे, असे आमचे मत आहे. आणि त्यांच्या चरित्रकारांनी तो कणा पुरता ओळखला नाही, हीच आमची त्यांच्याविषयी मुख्य तक्रार आहे.

मराठीतील जोतीरावांचे पहिले विस्तृत चरित्र पंढरीनाथ सीताराम पाटील यांनी १९२७ साली प्रसिद्ध केले. जोतीरावांच्या निधनास तेव्हा सदतीस वर्षे झाली होती. पाटलांचे ऋण मोठे आहे. जी माणसे जोतीरावांस पाहिलेली होती ती झपाट्याने नाहीशी होत असता त्यांनी ही सामग्री जमविली. पुढे धनंजय कीर यांनी १९६४ साली इंग्रजीत आणि नंतर मराठीत लिहिलेल्या चरित्राने या सामग्रीस शिस्त आली, कालानुक्रम आला, आणि जोतीराव महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांस कळले. दोन्ही ग्रंथ आम्ही आदराने वाचले आहेत. तथापि दोहोंतही शाळा, समाज, ग्रंथ आणि वाद यांस प्रकरणेच्या प्रकरणे मिळाली आहेत; शेती, कंत्राटे आणि म्युनिसिपालटी ही मधल्या फटींत बसविली आहेत. शेती हा जणू चरितार्थाचा तपशील, आणि म्युनिसिपालटी म्हणजे धैर्याच्या दोनचार आख्यायिकांची खाण! या तीन गोष्टी एकमेकींस काय शिकवीत होत्या, आणि त्या तिघी मिळून ग्रंथकारास काय देत होत्या, हा प्रश्न तेथे विचारलेलाच नाही.

तो प्रश्न आपण विचारून पाहू. जोतीराव १८२७ साली जन्मले. कुळीचा धंदा माळ्याचा, घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. मराठी शाळेत थोडे शिकल्यावर वडिलांनी त्यांस शाळेतून काढले आणि मुलगा मळ्यात राबू लागला. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी गोविंदरावांचे मन वळविले, तेव्हा १८४१ च्या सुमारास तो स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेला. म्हणजे इंग्रजी विद्येच्या आधी त्यास खुरप्याची विद्या मिळालेली होती. पुढे प्रौढ वयात त्यांनी सरकारी बांधकामांची कंत्राटे घेतली. खडकवासल्याच्या धरणास दगड पुरविण्याच्या कामाचा त्यांच्याशी संबंध होता. पुण्याजवळ मांजरी येथे त्यांनी शेती केली. त्या बाजूस मुठेच्या कालव्याचे पाणी गेले होते. ज्या धरणास दगड पुरविला, त्याच धरणाच्या पाण्याशी शेतकरी म्हणून ज्याचा व्यवहार आला, असा दुसरा मराठी ग्रंथकार आम्हांस ठाऊक नाही. धरण बांधताना पैसा कोठे मुरतो हे त्यास कंत्राटदार म्हणून कळले; पाण्याची पट्टी शेतकऱ्यास कशी जड जाते हे बांधावर उभे राहून कळले. इंजिनिअर खात्यातील लबाड्यांवर त्यांनी कवनही रचले आहे. ते ऐकीव माहितीवर रचलेले नाही.

तिसरी जागा म्युनिसिपालटीची. १८७६ पासून सुमारे सहा वर्षे ते पुणे म्युनिसिपालटीचे सभासद होते. ही जागा सरकारनियुक्त होती, लोकनियुक्त नव्हती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. कारण सरकारने बसविलेल्या खुर्चीत बसून त्यांनी जी मते दिली त्यांची किंमत त्यामुळे वाढते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून शहर शृंगारण्यास हजार रुपये खर्चण्याची सूचना आली, तेव्हा जोतीरावांनी एकट्याने विरुद्ध मत दिले. त्याच वर्षी दारूची दुकाने वाढत चालली म्हणून त्यांनी म्युनिसिपालटीच्या अध्यक्षांस पत्र लिहून आक्षेप घेतला. नव्या मंडईच्या इमारतीवर मोठी रक्कम घालण्यापेक्षा ती लोकांच्या शिक्षणाकडे लावावी, असे त्यांचे मत होते. मंडई झालीच. १८८६ साली ती गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने उघडली, आणि पुढे तिलाच महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले! चरित्रकार या गोष्टी निर्भयतेचे दाखले म्हणून सांगतात. निर्भयता त्यांत आहेच; पण त्याहून अधिक त्यांत हिशेब आहे. हा पैसा कोणाकडून आला आणि तो कोणावर खर्च होत आहे, एवढा एकच प्रश्न हा सभासद दर वेळी विचारतो. पट्टी भरणाऱ्याचा हा प्रश्न पट्टी खर्चणाऱ्यांच्या सभेत पोचला, तो शेतकरी आणि सभासद एकाच अंगरख्यात होते म्हणून.

या सहा वर्षांचा काळ कोणता होता तेही पाहावे. १८७५ साली सुपे येथून सुरू होऊन पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले. कर्जरोखे हिसकावून जाळण्यात आले. १८७६ ते १८७८ हा मोठा दुष्काळ. १८७८ साली जंगलचा नवा कायदा झाला, १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा. सरकारी अहवालांत या सर्वांची चर्चा विपुल आहे. मराठीतही हा काळ शेतकऱ्याच्या बाजूने सांगणारे एक पुस्तक झाले, आणि ते या सहा वर्षांच्या पाठोपाठ, जुलै १८८३ मध्ये पुरे झाले. ते म्हणजे 'शेतकऱ्याचा असूड'.

या पुस्तकाची हकिकत त्याच्या आशयाइतकीच बोलकी आहे. पाच प्रकरणांपैकी पहिली दोन नारायण मेघाजी लोखंडे यांनी आपल्या 'दीनबंधु' पत्रात छापली आणि पुढे हात आखडता घेतला. लोखंडे हे जोतीरावांचेच सहकारी होते, त्यामुळे तो घाव त्यांना विशेष लागला. जोतीरावांच्या हयातीत पुस्तक पूर्ण छापून निघालेच नाही. छापखाना बंद झाला तेव्हा जोतीरावांनी ते गावोगाव वाचून दाखविले. पुणे, मुंबई, ठाणे येथे ते वाचले गेले, तसेच जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणीही. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी ते ऐकून ग्रंथकाराचा सन्मान केला. १९६९ साली कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादिलेले समग्र वाङ्मय निघाले, तेव्हा कोठे ते सामान्य वाचकाच्या सहज हाती आले. ज्या लोकांसाठी पुस्तक लिहिले त्यांपैकी बहुतेकांस अक्षरओळख नव्हती. त्यांच्यापुढे ते मोठ्याने वाचले गेले, ही गोष्ट त्याच्या शैलीचा विचार करताना विसरता येत नाही.

शैलीचा विषय निघाला म्हणजे विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. 'निबंधमाले'त शास्त्रीबोवांनी जोतीरावांच्या लेखनाचा जो समाचार घेतला, त्यात व्याकरण, शुद्धलेखन आणि भाषा यांची यथेच्छ थट्टा आहे. शास्त्रीबोवांचे गद्य आम्ही विद्यार्थ्यांस आजवर आवडीने शिकवीत आलो आहो आणि त्याच्या डौलाविषयी आमच्या मनात किंतु नाही. परंतु त्या थट्टेचा वारसा आमच्या सुशिक्षित वर्गाने फार दिवस जपला, आणि त्यापायी एका निराळ्या जातीच्या गद्याकडे आमचे दुर्लक्ष झाले, हे कबूल केले पाहिजे. 'निबंधमाला' खोलीत एकट्याने, डोळ्यांनी वाचण्याचे गद्य आहे. 'असूड' चावडीत ऐकण्याचे गद्य आहे. त्याची वाक्ये लांबत जातात, मध्येच यादी सुरू होते, यादीतून संताप फुटतो आणि संतापाच्या भरात क्रियापद फार उशिरा येते. कागदावर हा दोष दिसतो. कानास तो दोष वाटत नाही. आम्ही चौथे प्रकरण वर्गात मोठ्याने वाचून पाहिले आहे. डोळ्यांनी वाचताना ज्या वाक्यात विद्यार्थी अडखळत होते, तेच वाक्य ऐकताना ते सहज पुढे जात होते.

चौथे प्रकरण हा या ग्रंथाचा कळस होय. त्यात एक शेतकरी कलेक्टरच्या तळावरून परत निघाला आहे. सारा वाढला आहे आणि दाद लागलेली नाही. वाटेने तो स्वतःशीच बडबडत चालतो, आणि त्या बडबडीतून जमिनीची नवी मोजणी, फौजदारी-दिवाणीचे खेटे, कर्ज आणि घरातील अडचणी एकामागून एक बाहेर येतात. मग ग्रंथकार आपणांस त्या शेतकऱ्याच्या घरात नेतो. घराची बांधणी, गोठा, भांडी, अंथरूण, खाणे यांची तेथे जी नोंद येते ती एखाद्या बेलिफाने जप्तीसाठी करावी तशी बारीक आहे. फरक इतकाच की, ही नोंद करणाऱ्यास प्रत्येक वस्तू तेथे कशी आली आणि दुसरी का आली नाही हे ठाऊक आहे. मराठी कादंबरी तेव्हा बाल्यावस्थेत होती. हरिभाऊंच्या कादंबऱ्या अद्याप यावयाच्या होत्या, आणि त्या आल्या तेव्हाही त्यांतील घरे बहुधा मध्यम वर्गाचीच होती. शेतकऱ्याचे घर आतून पाहिलेले असे हे मराठी गद्यातील पहिल्या चित्रांपैकी एक आहे. त्या शेतकऱ्याची वटवट ज्याने टिपली त्यास शेतातली बोली येत होती, आणि साऱ्याचे कोष्टकही येत होते. दोहोंपैकी एकच येणाऱ्यास ते प्रकरण लिहिता आले नसते.

पाचव्या प्रकरणात उपाय आहेत. तेथे तर सहीतील तिन्ही माणसे एकत्र बसून लिहीत आहेत असे वाटते. रिकाम्या वेळी पलटणीतील आणि पोलिसांतील शिपायांकडून ताली व बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरत मुरत पुढे जाईल. तळ्यांतील व नद्यांतील गाळ शेतकऱ्यांस पूर्वीप्रमाणे फुकट नेऊ द्यावा. गायराने गावांस परत करावीत. पाणी दाखविणाऱ्या पाणाड्यांस बक्षिसे द्यावीत. उत्तम जातीची मेंढरे आणून त्यांची पैदास करावी. पिकांचे रानडुकरांपासून रक्षण करण्यास बंदूक बाळगू द्यावी. पिकांची आणि औतकाठीची प्रदर्शने भरवून इनामे द्यावीत, शेतकऱ्यांच्या मुलांस शिकवून परीक्षा घेऊन पाटीलकीची कामे सांगावीत. यांतील एकही सूचना हवेत नाही. गाळाची सूचना शेतकऱ्याची, बंधाऱ्यास मजूर कोठून आणावेत ही सूचना कंत्राटदाराची, आणि कोणते खाते त्यास आड येते हे सांगणारा सभासद.

आता दोषांविषयी. ते झाकून गुण सांगणे ही समीक्षा नव्हे. तिसऱ्या प्रकरणात जोतीरावांनी जो प्राचीन इतिहास मांडला आहे, आर्यांचे इराणातून आगमन आणि त्यावरून रचलेली पुढची सारी परंपरा, तो आज इतिहास म्हणून टिकत नाही. शेतकऱ्याच्या विपत्तीची बहुतेक सर्व कारणे एका जातीच्या माथी आणून घालण्यात सावकारीचे, साऱ्याच्या पद्धतीचे आणि बाजारभावाचे जे स्वतंत्र व्यापार आहेत ते अधूनमधून झाकले जातात; हे व्यापार त्यांना चांगले कळत होते हे त्याच पुस्तकाच्या इतर पानांवरून सिद्ध होते, म्हणूनच ही उणीव अधिक जाणवते. पुनरुक्ती पुष्कळ आहे. कठोर शब्दांनी मध्यम वर्गातील वाचक दुखावतो आणि पुस्तक मिटतो. पण दुखावून पुस्तक मिटणे हा वाचकाचा हक्क असला, तरी न वाचता त्यास तसबिरीत बसवून हार घालणे हा सन्मान नव्हे. आज पहिला प्रकार कमी झाला आहे आणि दुसरा वाढला आहे. ग्रंथकारास कोणता अधिक रुचला असता, हे निराळे सांगावयास नको.

एका आक्षेपाचा येथेच विचार करू. जोतीराव शहरात राहणारे, कंत्राटांवर पैसा मिळविणारे. त्यांस शेतकरी म्हणावे काय? १८८८ साली ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरि रावजी चिपळूणकरांनी पुण्यात समारंभ केला, तेव्हा ते खेडूत शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि खरी प्रजा या दालनाबाहेर खेड्यांत आहे, असे राणीच्या पुत्रास ऐकविले. हा वेष म्हणजे सोंगच की नाही, असे विचारणारे लोक तेव्हाही असतील. आमचे उत्तर असे की, तो त्यांचा रोजचा वेष नव्हता, आणि नेमके म्हणूनच त्यास अर्थ होता. जो फक्त शेतकरी होता त्यास त्या दालनात प्रवेश नव्हता. ज्यांस प्रवेश होता त्यांपैकी कोणास तो वेष आपला वाटत नव्हता. जोतीरावांस दोन्ही शक्य होते. चरित्रकार हा प्रसंग नाट्यमय म्हणून रंगवितात. सहीतील तीन शब्दांशेजारी ठेवला म्हणजे तो अधिक साधा आणि अधिक अर्थपूर्ण दिसू लागतो.

कोल्हापुरातील वाचकांस या सर्वांत आपले काय आहे, हे सांगण्यास दूर जावयास नको. १९११ साली येथे सत्यशोधक समाज स्थापन झाला, भास्करराव जाधव त्याचे अध्वर्यू होते आणि शाहू महाराजांचा त्यास आश्रय होता. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची जी मागणी जोतीरावांनी १८८२ साली केली, ती या संस्थानात १९१७ साली अमलात येऊ लागली. भोगावतीवरील राधानगरीचे धरण महाराजांच्याच काळी सुरू झाले. आज पंचगंगेच्या खोऱ्यात पावसाळा सरला की बंधाऱ्यांच्या दगडी खांबांत बरगे बसतात आणि उसास पाणी अडते. ही पद्धत कोल्हापूरच्याच नावाने महाराष्ट्रभर ओळखली जाते. हे सारे 'असूडा'तून निघाले असे म्हणण्याचा अतिरेक आम्ही करणार नाही. धरणे आणि बंधारे इंजिनिअर बांधतात, पुस्तके बांधीत नाहीत. परंतु पाणी, गाळ, गायरान आणि शाळा हे वाङ्मयाचे विषय आहेत हे मराठीत प्रथम ज्याने दाखविले, त्याचे पुस्तक येथील वाचकास परके वाटण्याचे कारण नाही. येथील पुष्कळ कुटुंबांत एक भाऊ शेतावर, दुसरा कचेरीत आणि तिसरा एखाद्या सोसायटीच्या मंडळावर आहे. जोतीरावांची सही त्यांस लवकर समजेल.

म्हणून आमची अपेक्षा अशी आहे की, जोतीरावांचे पुढचे चरित्र जो कोणी लिहील त्याने शाळा आणि वाद यांची प्रकरणे आहेत तशी ठेवावीत. त्यांत आता भर घालण्यासारखे थोडेच उरले असेल. त्याने मांजरीच्या शेताकडे, कंत्राटांच्या कागदांकडे आणि पुणे म्युनिसिपालटीच्या जुन्या कामकाजाकडे वळावे. कोणत्या ठरावावर कोणते मत दिले, कोणत्या वर्षी सारा किती होता, दुष्काळात मळ्याचे काय झाले, हे जेवढे मिळेल तेवढे जमवावे, आणि शेजारी 'असूड' उघडा ठेवून ते लिहावे. अमेरिकेतील त्या जाड इतिहासांतून शेतकऱ्यांची चरित्रे निघाली, पण त्यांतून शेतकऱ्याचे वाङ्मय निघाले नाही. आमच्याकडे वाङ्मय आधी झाले आणि चरित्र अजून व्हावयाचे आहे. ते होईपर्यंत वाचकांनी निदान मूळ पुस्तक घरात आणावे, आणि शक्य तर चौथे प्रकरण कोणाकडून तरी मोठ्याने वाचवून घ्यावे.